घाटातली गोळी

आमच्या कंपनीच्या लिफ्टमध्ये माझा फोटो लावलेला आहे. फोटोत मी हसतेय. माझ्या एका बाजूला चाकाच्या खुर्चीतला मुलगा आहे, दुसऱ्या बाजूला ईशान्येकडची मुलगी, आणि खाली लिहिलंय, 'इथे सगळ्यांना जागा आहे.' खुर्चीतला मुलगा मॉडेल होता. शूटिंग संपल्यावर तो उठला, खुर्चीची घडी घालून गाडीत टाकली आणि गेला. आमच्या इमारतीत चाकाची खुर्ची चढेल असा उतार अजून बांधायचाच आहे.

मी विशाखा सरतापे, मूळची माण तालुक्यातली. पुण्यात खराडीला एका विमा कंपनीत दहा वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पारदर्शकतेचाही एखादा पुरस्कार लाटतील. विम्याचे दावे आता प्रोग्रामच मंजूर-नामंजूर करतो. नामंजूर झालेल्यांचा त्रागा फोनवर ऐकून घ्यायला तेवढी माणसं लागतात. ती माणसं म्हणजे आम्ही.

मी नोकरीला लागले तेव्हा मला काम शिकवलं शरयूताई मगदुमांनी. सांगलीकडच्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, कडक शाकाहारी घरातल्या. कांदा-लसूणसुद्धा नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये कोणी कुठं बसायचं ते कोणीच ठरवलेलं नव्हतं आणि तरी ते ठरलेलं होतं. खिडकीकडची टेबलं एकमेकांच्या डब्यातल्या भाज्या चाखणाऱ्यांची. मी हात धुण्याच्या बेसिनजवळच्या टेबलावर एकटी. तिथं दुसऱ्या वर्षापासून शरयूताई येऊन बसायला लागल्या. माझ्या डब्यात सुकट असली की नाकाला रुमाल लावायच्या, पण उठायच्या नाहीत. गुरुवारी मी बिनलसणाचा डबा करायचे आणि त्या दिवशी आम्ही एकमेकींचं खायचो. आठ वर्षं हे चाललं. त्याची कोणी दखल घेतली नाही हे उत्तमच झालं.

मग पट्टा आला.

त्यामागचं शास्त्र खरं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. जठराचे स्नायू एका तालात आकुंचन पावत असतात, मिनिटाला साधारण तीन लाटा. प्रत्येक लाटेमागे एक बारीकसा विद्युतसंदेश असतो आणि तो पोटाच्या कातडीवरून टिपता येतो, हृदयाचा आलेख काढतात तसाच. माणसाला किळस आली की हा ताल मोडतो आणि लाटा वेड्यावाकड्या पळायला लागतात. पोटात ढवळलं असं आपण म्हणतो ते हेच. निसर्गानं ही सोय केली ती सडलेल्या अन्नापासून वाचण्यासाठी. आपण ती माणसांना लावली. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही हे लहानपणी घरात शिकवलं, की ते डोक्यात राहत नाही, पोटात जाऊन बसतं. तोंडानं माणूस वाटेल ते बोलेल, चेहराही सांभाळेल, पण जठर काही त्याच्या हुकमातलं नाही.

तेव्हा एका हुशार कंपनीनं पोटाला बांधायचा पातळ पट्टा काढला आणि त्याला 'समभाव' नाव दिलं. गळ्यातलं ओळखपत्र सांगणार तुमच्याजवळ कोण उभं आहे, आणि पट्टा सांगणार तेव्हा तुमच्या पोटात काय चाललंय. दोन्हींचा मेळ घातला की मनातला भेदभाव अंकांत हजर. अंक चांगला तर हिरवा, वाईट तर लाल. लागोपाठ तीन महिने लाल राहिलं की सुनावणी, आणि सुनावणीत दोषी ठरलं की नावापुढे 'भेदभावी' असा शिक्का. हा शिक्का सगळ्या मोठ्या कंपन्यांना दिसत असे. म्हणजे त्या माणसाला पुन्हा नोकरी मिळणं संपलंच.

आमच्याकडे हे सगळं आणलं चिरंतन नाडकर्णी यांनी. त्यांचं पद समावेशन प्रमुख. त्यांच्या हाताखाली सात माणसं होती आणि सातही जणांची आडनावं एका पंगतीतली होती. नाडकर्णींनी 'सहभोजन बुधवार' सुरू केला. दर बुधवारी प्रत्येकानं एका 'विविधता सहकाऱ्या'बरोबर जेवायचं, त्याच्या डब्यातलं खायचं, आणि पोटाचा अंक मिळवायचा. विविधता सहकारी म्हणजे मी आणि माझ्यासारखी मोजकी चार जणं. चारशे लोकांत वाटायला आम्ही फार कमी पडायला लागलो. बुधवारी माझ्या टेबलावर एका वेळी बारा-बारा जण यायचे, चमच्याच्या टोकावर माझी भाजी घ्यायचे, 'वा, काय चव आहे' म्हणायचे आणि पट्ट्यावरचा हिरवा दिवा बघून उठायचे. मला मात्र जेवायला भाजी उरायची नाही. शरयूताईंना त्या गर्दीत बसायला खुर्ची मिळायची नाही, मग त्या उभ्यानंच जेवायच्या.

एका बुधवारी खुद्द नाडकर्णी आले. डब्यात बोंबील होते.

"अरे वा, बोंबील," ते म्हणाले. "आमच्या घरी तर रविवारी याच्याशिवाय चालत नाही. तुम्ही चिंच घालता की कोकम, विशाखा?"

"चिंच."

"कोकम घालून बघा."

खाण्याआधी त्यांनी खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली, एक गोळी पाण्याबरोबर गिळली आणि पट्टी परत ठेवताना ती टेबलाखाली पडली. मी उचलून दिली. देताना नाव वाचलं. ती गोळी मला चांगली ठाऊक होती. माझी आई गावाकडून एसटीनं पुण्याला येते तेव्हा खंबाटकी घाट लागायच्या आधी हीच घेते. तिला गाडी लागते.

माणूस रविवारी बोंबील चाटूनपुसून खातो. बुधवारी तेच बोंबील खायला त्याला गाडी लागायची गोळी लागते. म्हणजे त्याला बोंबलाचं वावडं नव्हतं. मी त्याच दिवशी खालच्या औषधाच्या दुकानात गेले आणि ती गोळी मागितली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बुधवारी सकाळीच संपते. तुमच्या ऑफिसची सहल असते का दर आठवड्याला?"

मी घरी येईपर्यंत हसत होते. संपूर्ण कंपनी दर बुधवारी जठर बधिर करून माझ्यासमोर बसत होती आणि त्याला समभाव म्हणत होती. मी या लोकांचा खंबाटकी घाट झाले होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पण घाट चढल्याचं कुणी बक्षीस मागत नाही." आईचं खरं होतं. घरात आल्यावर हसू गेलं आणि मी रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी शरयूताईंना सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं.

"सगळेच घेतात की," त्या म्हणाल्या. "त्या नाडकर्ण्याच्या माणसानं मला आणून दिली होती एक पट्टी. म्हटलं, घाल तुझ्या खिशात."

"आणि तुमचा अंक?"

त्यांनी पदर सारून पट्टा दाखवला. दिवा लाल होता. दोन महिने लालच होता आणि तिसरा चालू होता.

"ताई, घ्या की मग ती गोळी. सगळे घेतात."

"सगळे कुणाशेजारी बसतात ते बघितलंस काय? अंकाशेजारी बसतात. मी तुझ्याशेजारी बसते. आता तुझ्याशेजारी बसायला औषध घेऊ व्हय?"

मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. शरयूताईंना निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. यजमान वारलेले, मुलगी शिकत होती. पण त्याहून मोठं दुःख मला शिक्क्याचं होतं. चारशे जणांच्या त्या कंपनीत माझ्याशी माणसासारखं वागणारी एकच बाई होती आणि कपाळावर 'भेदभावी' लिहून घ्यायला तीच निघाली होती.

महिना संपला. सुनावणी लागली. नाडकर्णींनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्हाला किती यातना झाल्या असतील याची आम्हाला कल्पना आहे," ते म्हणाले. "आठ वर्षं रोज शेजारी बसून आतून तिरस्कार करणारी व्यक्ती. हे किती भयंकर."

"त्या सुकटीच्या वासानं ढवळतं म्हणाल्या तर?"

"असं सगळेच म्हणतात. विशाखा, नियमाप्रमाणे प्रभावित व्यक्तीची साक्ष यंत्राच्या वर असते. तुमचा शब्द अंतिम आहे. तुम्ही खंबीर राहा. पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय समावेशन पुरस्काराचे परीक्षक येतायत. आम्ही एका भेदभावी व्यक्तीवर कारवाई केली आणि तुम्हाला टीम लीडर केलं, या दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच सांगू."

टीम लीडरची जागा मला सहा वर्षांपूर्वीच मिळायला हवी होती. ती आता शरयूताईंच्या बदल्यात मिळत होती. मी विचारलं, "सुनावणी कुठं आहे?"

"चौथ्या मजल्यावर. पण तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून पडद्यावर बोलायचं. प्रभावित व्यक्तीला आरोपीसमोर बसवत नाही आम्ही. तुमच्या मनाला त्रास नको."

म्हणजे माझ्या समावेशाची सुनावणी, आणि खोलीत मी नको. मी बरं म्हटलं आणि बाहेर आले.

मी एक बेत केला होता. विज्ञानाच्या पदवीला मी एक गोष्ट शिकले होते. दोन कारणं एकत्र असली की एक काढून टाकायचं आणि बघायचं. सुकट आणि मी, दोन्ही एकदम समोर असल्यावर पट्ट्याला काय कळणार? तेव्हा सुकट वजा करायची. सुनावणीच्या दिवशी मी बिनलसणाची मुगाची उसळ आणि भाकरी डब्यात घेतली. खोलीत जायचं, डबा उघडायचा, शरयूताईंची लाट शांत राहील, सगळ्यांना दिसेल, आणि विषय संपेल. मला तिळमात्र शंका नव्हती.

सुनावणी सोमवारी सकाळी होती. मी दुसऱ्या मजल्यावर थांबलेच नाही, सरळ चौथ्यावर गेले. आत नाडकर्णी, अकाउंट्सचे एक साहेब आणि बाहेरून बोलावलेल्या एक तज्ज्ञ बाई, अशी तिघांची समिती होती. समोर शरयूताई. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर चार लाटा. समिती निःपक्षपाती आहे हे दिसावं म्हणून तिघांच्या पोटांच्या लाटाही पडद्यावर दाखवायची पद्धत होती. मी आत येईपर्यंत खोलीत सगळे एकमेकांसारखेच होते, म्हणून सगळ्या लाटा झोपाळ्यासारख्या संथ चालल्या होत्या. गोळ्या बुधवारच्या असत. मी खोलीत येईन असं सोमवारी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मी दार उघडलं तेव्हा शरयूताईंचं बोलणं चालू होतं. त्यांनी मला बघितलं आणि त्या थांबल्या.

"विशाखा, तुम्ही खाली—" नाडकर्णी म्हणाले.

"मी इथंच बोलते साहेब. माझी साक्ष एवढीच आहे की शरयूताईंना सुकटीचा वास सहन होत नाही. त्याचा माझ्याशी काही संबंध नाही."

"संबंध आहे," शरयूताई म्हणाल्या.

मी त्यांना थांबायची खूण केली.

"खोटं कशाला बोलू? आणि तू तरी माझ्यासाठी का बोलावंस? निव्वळ सुकटीचं नव्हतं ते. ही नवीन आली तेव्हा हिनं दिलेला चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. चहाला कसला आलाय माशाचा वास? आमची आजी अंगणात वेगळा कप ठेवायची, पालथा. ते बघत वाढले मी. डोक्यातनं काढलं, पण पोटातनं निघंना. कमी झालंय आता, गेलेलं नाही. मग म्हटलं पोटाला काय करायचं ते करू दे, आपण जाऊन बसायचं."

बाईनं माझी सगळी तयारी पाण्यात घातली. मला राग आला. दहा वर्षांपूर्वीचा तो चहा मला आठवला. आलं घातलेला, मी घरून थर्मासमध्ये आणलेला. त्यांनी तो नंतर पिते म्हणून बाजूला ठेवला होता आणि मी विसरून गेले होते. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि या तिघांसमोर ते मला नको होतं. म्हणून मी उगीचच हातातला डबा काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"जेवून बोलू या," मी म्हणाले. "मी डबा आणलाय. आज बुधवार नाही, पण चालेल."

मी हे बोलले आणि पडद्यावरच्या लाटा मोडल्या. आधी नाडकर्णींची, मग अकाउंट्सच्या साहेबांची, मग तज्ज्ञ बाईंची. संथ चाललेल्या रेषा एकदम उड्या मारायला लागल्या. डब्याचं झाकण अजून बंद होतं.

"वास फार उग्र आहे हो," तज्ज्ञ बाई रुमाल शोधत म्हणाल्या. "बंद खोलीत सुकी मासळी म्हणजे..."

"कोकम घातलं असतं तर एवढा आला नसता," नाडकर्णी हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

मी झाकण उघडलं. मुगाची उसळ होती, वर थोडी कोथिंबीर. लाटा काही थांबेनात. तिघंही पडद्याकडे बघायचं टाळत होते आणि तिघांनाही तो समोरच दिसत होता. इतका शुद्ध शास्त्रीय प्रयोग मी कॉलेजातसुद्धा केला नव्हता.

"घ्या साहेब," मी म्हणाले. "बुधवारी तर घेता."

नाडकर्णींचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला.

चौथी लाटही मोडली होती. शरयूताईंची. ती सगळ्यात जास्त नसेल, पण मोडली होती, मी पाहिली. शरयूताईंनीही पाहिली. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली, भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि खाल्ला. पडद्यावर रेषा उसळली. त्यांनी डावा हात पोटावर ठेवला, शांतपणे चावून घास गिळला आणि दुसरा तुकडा मोडला.

मी बघत होते. त्यांचं पोट त्यांच्या आजीचं होतं. पण माझ्या टेबलापर्यंत रोज चालत आलेले पाय त्यांचे स्वतःचे होते. पट्ट्याला दुसरा घास मोजता येत नव्हता. ज्या बाईनं मला आत्ता दुखवलं होतं तीच त्या खोलीत जेवत होती, आणि ज्या तिघांनी मला एका शब्दानंही दुखवलं नव्हतं त्यांना डब्याकडे बघवत नव्हतं.

नाडकर्णींनी घसा खाकरला. "पट्ट्यांमध्ये तांत्रिक बिघाड दिसतोय. आजची नोंद रद्द धरू या."

"धरा की," मी म्हणाले. "पण पट्टे तेच आणि यंत्र तेच. बिघाड असला तर ताईंच्या तीन महिन्यांतही आहे. तेही रद्द. आणि बिघाड नसला तर तीन शिक्के आणखी करायला घ्या. परीक्षक येतील तेव्हा मी दोन्हीपैकी जे ठरेल ते सांगते. माझा शब्द अंतिम असतो ना?"

एवढ्या मोठ्या समितीला निर्णय घ्यायला एरवी आठवडे लागतात. हा निर्णय माझा डबा संपायच्या आत झाला. शरयूताई निर्दोष सुटल्या, पट्ट्यांचा गाशा दुसऱ्याच दिवशी गुंडाळला गेला आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीला पुरस्कार मिळाला. सदोष यंत्र कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी धाडसानं मागे घेतल्याबद्दल. समारंभात नाडकर्णी फार भावुक झाले. टीम लीडरच्या जागेवर मी नाही, त्यांच्या खात्यातला एक मुलगा आहे. तो चांगला आहे, रोज मला नमस्कार करतो, लांबून.

सुनावणीनंतरच्या बुधवारी टेबलावर कुणी आलं नाही. पट्टा नाही म्हटल्यावर भूकही नाही. मी बेसिनजवळ एकटी बसले होते आणि मला एकटंच बसायचं होतं. दोन दिवस मी शरयूताईंशी बोलले नव्हते. पोटानं केलेलं माफ करता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ मी घेणार होते.

त्या आपला डबा घेऊन आल्या.

"सरक की गं."

मी सरकले नाही. त्या खुर्ची ओढून पलीकडच्या बाजूला बसल्या. माझ्या डब्यात सुकट होती. मुद्दाम केली होती. त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला.

"ढवळतंय?" मी विचारलं.

"थोडं."

"मग?"

"मग काय, जेवायचं."

आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर मी पिशवीतून थर्मास काढला. मी तो घरून का आणला होता हे मला सकाळी ठाऊक नव्हतं, आता कळलं. कपात चहा ओतला, आलं घातलेला, आणि त्यांच्यापुढे ठेवला.

शरयूताईंनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कप उचलून त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी थर्मासचं झाकण लावायला घेतलं.

"साखर घालायला विसरलीस," त्या म्हणाल्या, आणि पूर्ण कप पिऊन पुन्हा पुढं केला.